बसगाडीचे घर : जुन्या वाहनाचे जतन आणि त्यातील वास्तव्य

१. विषयप्रवेश

वाहन हे गतीचे साधन व घर हे स्थैर्याचे स्थान, अशी या दोन वस्तूंविषयी सर्वसामान्य धारणा आहे. या दोन्ही कल्पना ज्या वस्तूत एकत्र येतात ती वस्तू म्हणजे निवासी मोटारगाडी, अर्थात चालते घर होय. असे घर नव्या गाडीवर बांधता येते. त्याचप्रमाणे सेवेतून निवृत्त झालेल्या जुन्या बसगाडीची दुरुस्ती करून तिच्यातही ते वसविता येते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकाराचे विवेचन योजिले आहे.

जुन्या बसगाडीला घराचे रूप देण्यामागे सामान्यतः दोन प्रेरणा आढळतात. पहिली जतनाची : एका काळाची, एका कारागिरीची खूण नष्ट होऊ नये ही इच्छा. दुसरी वास्तव्याची : त्या गाडीत राहून प्रवास करता यावा ही अपेक्षा. या दोन्ही प्रेरणा परस्परांना पूरक आहेत असे गृहीत धरले जाते. वस्तुतः त्या पदोपदी एकमेकींना छेद देतात. जतन म्हणजे वस्तू आहे तशी राखणे. वास्तव्य म्हणजे ती आपल्या गरजेप्रमाणे बदलणे. आसने काढल्याखेरीज शय्या बसत नाही, आणि आसने काढली की ती बस राहत नाही. हा विरोध तंत्रात कसा प्रकट होतो, कायद्यात कसा प्रकट होतो व त्यातून मार्ग कसा निघू शकतो, हे नाशिक व एकंदर महाराष्ट्र यांच्या संदर्भात स्पष्ट करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२. महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

चालत्या घराची कल्पना परदेशातून आली असे मानण्याचा प्रघात आहे. शब्दापुरते ते खरे असेल. व्यवहाराच्या दृष्टीने ते अपुरे आहे. नाशिक जिल्ह्यापुरते पाहिले तरी याची साक्ष पटते. त्र्यंबकेश्वराहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपुरास निघते तेव्हा दिंड्यांबरोबर मालमोटारी असतात. तंबू, भांडी, शिधा, अंथरुणे व वारकऱ्यांच्या वळकट्या त्यांत असतात. मुक्कामी पोचताच मालमोटारीच्या आधाराने स्वयंपाक सुरू होतो. पंचवटी व त्र्यंबकेश्वर येथे परप्रांतांतून येणाऱ्या यात्रेकरूंच्या बसगाड्यांचेही तसेच आहे. टपावर सामान, पोटात शिधा व शेगडी, आणि वाहनतळावर गाडीच्या सावलीत मांडलेली चूल हे दृश्य नाशिककरांच्या पूर्ण परिचयाचे आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ पर्वात हेच चित्र विराट प्रमाणावर दिसते.

फिरत्या सिनेमाचे उदाहरण याहून बोलके आहे. महाराष्ट्रातील जत्रांमधून तंबूत चित्रपट दाखविणाऱ्या मंडळींची जुनी मालमोटार हेच त्यांचे प्रक्षेपणगृह असे. यंत्र मोटारीत कायमचे बसविलेले, पडदा तंबूत, आणि हंगामभर माणसांचा मुक्काम त्या दोहोंच्या आसपास. तमाशाच्या फडांचा संसारही असाच वाहनांवर चालत आला आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे खेळांच्या सुपाऱ्या ठरतात, आणि तेथून निघालेल्या फडाला हंगामात गावोगावच्या जत्रांतून फिरताना वाहन हाच निवारा होतो.

जुन्या गाडीची दुरुस्ती करून तिच्यात प्रत्यक्ष राहण्याचे भारतातील सर्वश्रुत उदाहरण आंध्र प्रदेशातील आहे. १९८२ साली एन. टी. रामाराव यांनी एका जुन्या शेव्हरोलेट गाडीचे रूपांतर करून तिला ‘चैतन्य रथम्’ असे नाव दिले, आणि निवडणुकीच्या प्रचारासाठी राज्यभर दौरा केला. मुक्काम, विश्रांती व टपावरून भाषण या तिन्हींसाठी ती एकच गाडी उपयोगी पडली.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. वाहन हे येथे संसाराचे वा कार्याचे साधन आहे. ते जपून ठेवावयाची ऐतिहासिक वस्तू आहे ही जाणीव आरंभी कोठेही नाही. वास्तव्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. जतनाची जाणीव मात्र अलीकडची आहे.

३. एस.टी.च्या बसगाडीत जतन करण्याजोगे काय?

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बसगाडी धावली. आरंभीच्या या गाड्या बेडफर्ड बनावटीच्या असून त्यांचा सांगाडा लाकडी होता व आसनांत काथ्या भरलेला असे. पुढे राज्याच्या पुनर्रचनेनंतर निरनिराळ्या विभागांतील परिवहन सेवा एकत्र आल्या, आणि १९६१ पासून महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ हे नाव रूढ झाले.

अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, या गाड्यांचा केवळ सांगाट्याखालचा भाग, म्हणजे चॅसी, यंत्र व चाके, कारखानदाराकडून येई. वरची बांधणी पुष्कळ अंशी महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांतून होत आली. पुण्याजवळील दापोडी, छत्रपती संभाजीनगर येथील चिकलठाणा व नागपूरजवळील हिंगणा या तीन मध्यवर्ती कार्यशाळांनी हे कार्य केले. लाकडाकडून धातूकडे, ॲल्युमिनियमच्या पत्र्याकडून अलीकडे पोलादाकडे, असा हा बांधणीचा प्रवास आहे. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांनंतर महाराष्ट्रात आलेल्या निमआराम गाड्यांना लोकांनी ‘एशियाड’ हे नाव दिले व ते दीर्घकाळ टिकले. पत्र्याची जोडणी, खिडकीच्या पट्ट्या, तिकीट-पेटीची जागा, घंटेची दोरी, लाकडी मार्गफलक या तपशिलांतून एका लोकाभिमुख संस्थेचा इतिहास वाचता येतो. कागदपत्रांत तो इतका स्पष्ट आढळत नाही.

जुन्या बसगाडीचे रूप पालटून तिला नवे काम देण्याची प्रथाही महाराष्ट्रात आहे. २०१६ पासून पुण्यात निकामी झालेल्या शहर-बसगाड्यांतून ‘ती’ नावाची स्त्रियांसाठीची स्वच्छतागृहे उभी राहिली. २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाने जुन्या प्रवासी गाड्यांतील आसने काढून त्या मालवाहतुकीस लावल्या. २०१९ साली ‘वारी लालपरीची’ हे एस.टी.च्या इतिहासाचे प्रदर्शन बसगाडीतच मांडून राज्यात फिरविण्यात आले. पहिल्या दोन उदाहरणांत गाडीचा उपयोग टिकला, पण तिचे मूळ रूप लोपले. तिसऱ्यात गाडी स्वतःच्या इतिहासाची वाहक झाली. उपयोग आणि स्मृती यांतील हे अंतर ध्यानात घेऊनच पुढील विवेचन वाचावे.

४. ‘मूळ रूप’ कोणते?

जतनाचा विचार सुरू होताच पहिला प्रश्न उद्भवतो तो मूळ रूप कोणते मानावे हा. या बाबतीत अमेरिकेतील ‘फर्दर’ या बसगाडीचे उदाहरण मार्मिक आहे. १९३९ साली बनलेली ही इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची शाळेची बस. एका गृहस्थाने आपल्या मोठ्या कुटुंबासाठी तिच्यात शय्या व स्वयंपाकाची सोय केली. १९६४ साली ती कादंबरीकार केन केसी यांनी विकत घेतली, मित्रमंडळींसह तिच्यावर भडक रंग चढविले आणि कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कपर्यंत प्रवास केला. या प्रवासामुळे ती एका पिढीच्या बंडखोरीचे प्रतीक ठरली. पुढे ती ऑरेगॉनमधील शेतावर गंजत पडली. १९९० साली केसी यांनी दुसऱ्याच एका जुन्या बसला तसे रूप दिले. मूळ सांगाडा २००५ साली झाडीतून बाहेर काढण्यात आला.

ही गाडी पूर्ववत करावयाची झाल्यास कोणत्या वर्षाच्या रूपाप्रत न्यावी? १९३९ ची शाळेची बस केली तर जिच्यामुळे ती प्रसिद्ध झाली ती अवस्थाच पुसली जाईल. १९६४ चे रंग नव्याने दिले तर ते अनुकरण ठरेल. गंज तसाच ठेवला तर गाडी नष्ट होईल. म्हणजेच ‘मूळ’ हा शब्द एकच एक अवस्था दर्शवीत नाही. वाहनाच्या आयुष्यात अवस्थांचे थर साचत जातात आणि घरात झालेले रूपांतर हाही त्यांपैकी एक थर असतो.

वास्तूंच्या जतनासंबंधी १९६४ च्या व्हेनिस सनदेने या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. सर्व कालखंडांतील ग्राह्य भर आदरणीय मानावी, आणि नव्याने घातलेला भाग एकंदर रूपाशी सुसंगत पण मूळ भागाहून ओळखता येण्याजोगा असावा, ही तिची तत्त्वे होत. ऐतिहासिक वाहनांसाठी आंतरराष्ट्रीय महासंघाने याच धर्तीवर ट्यूरिन सनद तयार केली व ती २०१३ साली संमत झाली. वाहन हे चालविण्यासाठी असते, त्यामुळे त्याचा उपयोग हाही जतनाचाच भाग होय, हे मत तिच्यात स्वीकारले आहे. या तत्त्वांच्या आधारे बसगाडीच्या रूपांतराची परीक्षा करता येते.

५. सांगाडा व पत्रा

जुन्या बसगाडीची दुरुस्ती यंत्रापासून आरंभावी अशी सर्वसाधारण समजूत आहे. अनुभवी कारागीर मात्र आधी सांगाडा पाहतात. यंत्र उतरवून दुरुस्त करता येते, प्रसंगी बदलताही येते. गंजलेला सांगाडा मात्र सर्व गाडी उघडल्याखेरीज दुरुस्त होत नाही.

गंजाचे मुख्य कारण पाणी होय, व ते टपाच्या सांध्यांतून आणि खिडक्यांच्या खोबणींतून शिरते. ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादी फासळ्यांवर रिबिटांनी जोडलेला असतो. हे दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांस लागून राहिले की त्यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया घडते. तीत ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते आणि रिबिटांची भोके सैल पडतात. यास्तव दुरुस्तीत या दोन धातूंमध्ये रंगाचा लेप अथवा रबराची पट्टी घालणे आवश्यक ठरते. नाशिक शहरात पर्जन्यमान मध्यम असले तरी अवघ्या ४५ किलोमीटरांवरील इगतपुरीस वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. शहरात कोरडी राहिलेली गाडी घाटमाथ्यावर एका रात्रीत गळू लागते. म्हणून आतील लाकूडकाम आरंभण्यापूर्वी टपावर भरपूर पाणी सोडून गळती तपासणे हा नियमच मानला पाहिजे.

दुसरी बाब सांगाड्याच्या लवचिकतेची. बसगाडीची चॅसी शिडीसारखी असते, आणि खडबडीत रस्त्यावर ती किंचित पिळली जाते. आसने वेगवेगळी बसविलेली असल्याने ही पीळ त्यांना जाणवत नाही. घराची कपाटे मात्र जमीन, दोन्ही भिंती व टप या सर्वांना घट्ट जखडली, तर काही दिवसांतच त्यांचे सांधे उकलतात, अथवा त्यांच्या ताणाने गाडीचा पत्रा फाटतो. कपाट जमिनीला व एकाच भिंतीला जोडावे, टपाशी फट ठेवावी, ही रीत याच कारणाने पडली आहे. खिडक्यांमधील खांब कापून मोठे गवाक्ष करण्याचा मोहही टाळावा लागतो. गाडी उलटल्यास टपाचा भार त्याच खांबांवर येतो.

टायरच्या बाबतीत एक सूचना आवश्यक आहे. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या टायरांची नक्षी शाबूत दिसते, पण रबर भेगाळलेले असते. टायरच्या कडेवरील चार अंकी खुणेतील पहिले दोन अंक बनावटीचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीवरून नव्हे, तर या खुणेवरून व भेगांवरून टायरची परीक्षा करावी. जुन्या गाड्यांच्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. म्हणून ती धूळ हवेच्या झोताने उडविणे आरोग्यास घातक आहे.

६. भार, तोल व घाट

घर बसविल्याने गाडी जड होते ही समजूत आकडेमोडीने पडताळून पाहण्याजोगी आहे. ४४ आसनी बसगाडीत चालक व वाहक धरून ४६ माणसे बसतात. प्रत्येकी ६८ किलोग्रॅम धरल्यास हा भार ३,१२८ किलोग्रॅम होतो. याउलट घरात चार माणसांचे २७२, पाण्याचे ३०० लिटरांसाठी ३००, चार विद्युत्घटांचे १८० आणि लाकूडसामानाचे ७०० किलोग्रॅम धरले, तरी बेरीज १,४५२ किलोग्रॅमच भरते. म्हणजे भार निम्म्याहूनही कमी होतो. या कारणाने मोठ्या भारासाठी योजिलेले पाटे कडक भासतात आणि गाडी खड्ड्यांवर उसळते.

खरा प्रश्न एकूण भाराचा नसून त्याच्या वाटणीचा आहे. उतारू दोन्ही बाजूंना सारखे बसतात. घरात पाण्याची टाकी, शेगडी व शीतकपाट एकाच बाजूस येण्याचा संभव असतो. गाडीच्या मध्यरेषेपासून ०.९ मीटर अंतरावर ३०० किलोग्रॅमची टाकी ठेवली, तर तिचा तोल सांभाळण्यासाठी दुसऱ्या बाजूस १ मीटर अंतरावर २७० किलोग्रॅम भार लागतो. पाणी संपत जाते तसा हा हिशेबही बदलतो. म्हणून टाकी मध्यरेषेवर, खालच्या पातळीत व दोन्ही आसांच्या दरम्यान असणे श्रेयस्कर होय. टाकीच्या आत आडव्या भिंती नसतील, तर अर्धवट भरलेले पाणी वळणावर एकदम एका बाजूस धावते.

नाशिकहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची खरी परीक्षा कसारा घाटात होते. इगतपुरी व कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरांचा फरक आहे. १० टनांची गाडी तेवढी खाली उतरताना २.९४ कोटी जूल, म्हणजे ८ युनिट विजेहून किंचित अधिक, इतकी ऊर्जा मोकळी होते. ही सर्व ऊर्जा केवळ ब्रेकांनी शोषावयाची ठरविली, तर तिची उष्णता होऊन लायनर तापतात व त्यांची पकड कमी होते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक या भौतिक सत्यावरच आधारलेला आहे. सप्तशृंग गडाच्या वाटेवरही त्याचे तितकेच महत्त्व आहे.

७. वीज, पाणी व अग्नी

चालत्या घराची वीज ही बँकेतील ठेवीसारखी असते. साठविली तेवढीच खर्च करता येते. भारतीय बसगाड्यांची विद्युत्व्यवस्था सामान्यतः २४ व्होल्टची असते. १२ व्होल्ट व १५० ॲम्पिअर-तास क्षमतेचे दोन शिसे-आम्ल घट जोडल्यास ३,६०० वॅट-तास साठा होतो. घटांचे आयुष्य टिकविण्यासाठी त्यांपैकी निम्मा, म्हणजे १,८०० वॅट-तास, एवढाच वापरणे इष्ट. दिवे २००, पंखे ४८०, लहान शीतकपाट ७०० व पाण्याचा पंप ५० वॅट-तास, असा दिवसाचा १,४३० वॅट-तास खर्च या साठ्यात भागतो. १,२०० वॅटचे वातानुकूलन यंत्र मात्र तोच साठा दीड तासात संपविते. म्हणून जुन्या बसगाडीची समोरासमोरची सरकती तावदाने काढून पत्रा ठोकणे हे जतनाच्या दृष्टीने जसे अयोग्य, तसेच राहण्याच्या दृष्टीनेही गैरसोयीचे आहे. या एका बाबतीत जतन व वास्तव्य यांचे मत जुळते.

पाण्याविषयी बोलताना सांडपाण्याचा विचार अटळ आहे. गंगापूर धरणाच्या काठी पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे आणि तो परिसर प्रवाशांस आकर्षक वाटतो. परंतु तेच पाणी नाशिक शहर पिते. स्वयंपाक, स्नान व शौच यांचे पाणी साठविण्याची टाकी गाडीत नसेल आणि ती रिकामी करण्याची मान्य जागा ठाऊक नसेल, तर त्या घराने धरणकाठी मुक्काम करणे हा सार्वजनिक अपराधच समजावा.

स्वयंपाकाचा वायू हवेहून जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, आणि बसगाडीची जमीन म्हणजे लाकूड व पत्रा यांचा बंद थर होय. यासाठी सिलिंडर राहण्याच्या भागापासून पूर्णतः वेगळ्या कप्प्यात असावा, व त्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारे छिद्र असावे. झोपलेल्या माणसाला बाहेर पडण्यास दुसरी वाट असणेही अनिवार्य आहे. शय्या बसविताना संकटकालीन दार झाकले जाणे हा अशा रूपांतरांतील सर्वांत भयावह दोष होय.

८. कायद्याची तीन दारे

येथवरचा विचार तंत्राचा झाला. मूळ विरोध सर्वांत तीव्र होतो तो कायद्यात. जुन्या बसगाडीच्या घरापुढे तीन दारे आहेत.

पहिले दार पुरातन वाहनाचे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुरातन वाहनांच्या नोंदणीची तरतूद झाली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, व्यापारी उपयोगात नसलेली, मूळ रूपात राखलेली व चॅसी, बांधणी वा यंत्र यांत लक्षणीय फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने तीत येतात. अशा वाहनास ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला नोंदणी क्रमांक मिळतो. पण प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पुरातन वाहनांची फेरी अशा मोजक्या कारणांसाठीच ते रस्त्यावर आणता येते. सहा चाकांच्या, आयुष्यभर भाडे घेऊन उतारू वाहिलेल्या आणि आता आतून घर झालेल्या बसगाडीस या दारातून प्रवेश नाही. आंतरराष्ट्रीय महासंघ ऐतिहासिक वाहनासाठी ३० वर्षांची मर्यादा मानतो, हेही तुलनेसाठी ध्यानात घ्यावे.

दुसरे दार निवासी मोटारगाडीचे. भारतीय वाहन-उद्योगाच्या मानकांत अशा गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. आसने व टेबल, शय्या, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा ही निवासी गाडीची लक्षणे मानली जातात. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले. तथापि मानकाचा रोख नव्या बनावटीला मान्यता देण्याकडे आहे. एखाद्या जुन्या, एकुलत्या एक गाडीसाठी ती वाट खर्चिक व दीर्घ ठरते.

तिसरे दार फेरफाराच्या परवानगीचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ याविषयी आहे. कारखानदाराने निर्दिष्ट केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येणार नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये विशद केला. विशिष्ट प्रयोजनासाठी सूट देण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे; म्हणजे दार पूर्ण बंद नाही, पण त्याची कडी आतून आहे.

एस.टी.च्या गाडीच्या बाबतीत तर या दारांपर्यंत पोचणेही कठीण झाले आहे. १ एप्रिल २०२३ पासून शासकीय व राज्य परिवहन उपक्रमांच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी संपुष्टात येते, आणि त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत मोडणी-केंद्रातूनच लावावी लागते. प्रदूषण व सुरक्षितता यांच्या दृष्टीने हा नियम समर्थनीय आहे. परंतु पुरातन ठरण्यास ५० वर्षे लागतात आणि १५ व्या वर्षी गाडी मोडीत निघते. या दोहोंमधील ३५ वर्षे ती कोठे राहावी, याचे उत्तर नियमांत नाही. कारगाडी एखाद्याच्या वाड्यात झाकून राहू शकते. सार्वजनिक बसगाडीला असा वाडा नसतो. लाखो लोकांनी जिच्यातून प्रवास केला ती वस्तू मूठभर लोकांनी वापरलेल्या मोटारीपेक्षा अधिक लवकर व अधिक निःशेष नाहीशी होते, असा याचा इत्यर्थ आहे.

९. मेळ घालण्याचा मार्ग

जतन व वास्तव्य यांचा विरोध पूर्णपणे मिटणारा नाही; तो मर्यादित मात्र करता येतो. त्यासाठी तीन तत्त्वे उपयुक्त ठरतील.

पहिले तत्त्व परतीच्या वाटेचे. केलेला प्रत्येक बदल मूळ भागास इजा न करता काढता यावा. आसनांच्या जुन्याच भोकांत शय्येचे बोल्ट बसवावे, नवी भोके पाडू नयेत. काढलेली आसने, फलक व पट्ट्या खुणा करून जपाव्या.

दुसरे तत्त्व नोंदीचे. काम आरंभण्यापूर्वी गाडीची मापे, छायाचित्रे, रंगांचे थर, बांधणीच्या खुणा व दुरुस्त्यांचा इतिहास लिहून काढावा. गाडी मोडीत जाणे टळत नसेल तरी नोंद टळू नये. हे काम विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. कार्यशाळांतून निवृत्त झालेले पत्राकारागीर, सुतार व रंगारी अद्याप हयात आहेत तोवरच ते होऊ शकते.

तिसरे तत्त्व विभागणीचे. प्रत्येक जुन्या गाडीचे घर होणे इष्ट नाही. एखाद्या प्रकारातील थोड्याच गाड्या उरल्या असतील, तर त्या संग्रहालयात अविकृत राखाव्या. ज्या प्रकारातील पुष्कळ आहेत त्यांनाच वास्तव्याचे काम द्यावे. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र मूळ रूपाचा आग्रह धरू नये. ब्रेक, संकटकालीन दार, विजेच्या तारा व वायूची नळी यांत आजचे ज्ञानच प्रमाण मानावे, आणि तो बदल लपवू नये.

१०. उपसंहार

दिंडीची मालमोटार, फिरत्या सिनेमाची गाडी व तमाशाच्या फडाचे वाहन यांनी महाराष्ट्रात चालत्या घराची परंपरा निर्माण केली. पण त्या वाहनांपैकी फारच थोडी शिल्लक आहेत, कारण ती कोणी जपावयाची म्हणून वापरली नाहीत. याउलट केवळ जपावयाची म्हणून काचेआड ठेवलेली गाडी चालण्याचे आपले लक्षण हरवून बसते. बसगाडीचे घर हा या दोन टोकांमधील मार्ग आहे, आणि तो सदोष असला तरी विचारार्ह आहे. कायद्याने त्यास स्वतंत्र वर्ग द्यावा की नाही, हा धोरणाचा प्रश्न होय. तो निकालात निघण्यापूर्वी कोणत्या गाड्या उरल्या आहेत, त्या कशा बांधल्या होत्या व कोणी बांधल्या, याची माहिती गोळा करणे हे अभ्यासकांचे कर्तव्य आहे. पंधरा वर्षांची मुदत गाड्यांना लागू आहे. कारागिरांच्या स्मृतीला तेवढीही मुदत मिळेलच असे नाही.